कूलंट भरलं म्हणजे काम झालं असं नाही, एअर काढली का ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाहनांच्या पानावर मधे गाडी हीट का होते यावर लेख आला होता. चांगला होता, कूलंट (इंजिन गार ठेवायला फिरणारं पाणी) कमी होणं, रेडिएटर चोक होणं, फॅन बंद पडणं, बेल्ट तुटणं सगळं त्यात होतं. पण एक गोष्ट राहून गेली आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय, कारण मी गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात आहे आणि ही गोष्ट आमच्यासमोर सारखी येते, तिच्यापायी चांगली चांगली इंजिनं खोलावी लागलेली बघितलीत. दुरुस्तीनंतर कूलिंग सिस्टिममधे अडकून राहणारी हवा. गॅरेजमधे याला एअर लॉक म्हणतात किंवा नुसतं 'एअर राहिलीय' म्हणतात.

यातलं वाईट हे की हा त्रास दुरुस्तीच्या आधी नाही, नंतर होतो. रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, होज पाइप फुटला म्हणून नवा टाकला, पैसे देऊन झाले, आता टेन्शन नाही असं समजून माणूस घरच्यांना घेऊन लांब निघतो आणि नेमकी तेव्हाच गाडी उकळते. मग तो म्हणतो पार्ट डुप्लिकेट टाकला, मेकॅनिक म्हणतो तुम्ही गाडी ताणली असणार, आणि या भांडणात खरं कारण बाजूलाच राहतं. पार्ट ओरिजिनल असतो, बसवलेलाही नीट असतो, फक्त एअर काढलेली नसते.

ब्रेकचं काम केलं की एअर काढावी लागते हे बहुतेकांना माहितीय, गाडीवाले स्वतःहून विचारतात सुद्धा, कारण ब्रेकमधे हवा राहिली तर पेडल दाबताक्षणी पायाला कळतं. कूलिंगमधली हवा पायाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि टाकीत बघावं तर कूलंट अगदी मॅक्सच्या रेघेपर्यंत. त्यामुळे कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून घाईच्या दिवशी गॅरेजवालेही हे काम गाळतात. आमच्याच धंद्याबद्दल हे लिहितोय, पण खरं तेच लिहितोय.

आता हवा अडकते कशी ते सांगतो. सिस्टिम रिकामी केली की रेडिएटर, इंजिनाच्या आतल्या वाटा, हेड (इंजिनाचा वरचा भाग), हीटरचे पाइप, सगळीकडे हवाच भरते. वरून कूलंट ओतलं की ते खाली जाऊन बसतं आणि हवा वर चढायला बघते, पण वर चढायला सरळ वाट असते कुठे, पाइप वर जाऊन परत खाली येतात, हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत बराच उंचावर असतो, आणि जिथे जिथे पाइपाला उंच वळण आहे तिथे तिथे हवा जाऊन बसते. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा वॉल्व्ह, थंड इंजिनात बंद असतो, म्हणजे रेडिएटरच्या बाजूने कूलंट कितीही भरा, इंजिनाच्या बाजूची हवा दाराआड कोंडलेलीच. म्हणूनच बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं आणि त्यात एक सैल पिन हलत असते, तिला जिगल पिन म्हणतात. भरताना हवा त्या भोकातून निसटते, आणि इंजिन चालू झालं की पाण्याच्या जोराने पिन तिथे बसते आणि भोक बंद होतं. ही पिन थर्मोस्टॅट बसवताना वरच्या अंगाला यायला पाहिजे, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे. मी असे थर्मोस्टॅट बघितलेत की पार्ट नवाकोरा, ओरिंग नवी, बोल्ट नीट कसलेले, आणि पिन खाली सहाच्या जागी. भोक कूलंटमधे बुडालेलं आणि हवा त्याच्या वर शांतपणे बसलेली. बसवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ती पिन कशासाठी आहे, त्याला वाटलं कंपनीतून आलाय तसाच सैल तुकडा.

पूर्वीच्या गाड्यांत हा प्रश्न एवढा नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९०८ मधे आली, तिच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत वॉटर पंपच नव्हता, गरम पाणी हलकं होऊन वर जातं आणि थंड खाली येतं एवढ्यावर कूलिंग चालायचं. रेडिएटर समोर उंच उभा आणि त्याचं झाकण सगळ्यात वर, त्यामुळे हवा असो की वाफ, आपोआप झाकणाकडे यायची. नंतर बोनेट खाली खाली येत गेलं, हवा कापत जाण्यासाठी गाडीचं नाक बसकं झालं, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली गेला, त्याचं झाकण बऱ्याच गाड्यांत गायबच झालं आणि बाजूला प्लास्टिकची प्रेशरवाली टाकी आली. टोयोटाची एमआरटू घ्या, इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकात, मधे पूर्ण गाडीच्या लांबीचे पाइप, तिथे एका ठिकाणाहून एअर निघणं शक्यच नाही, वेगवेगळ्या ठिकाणी ब्लीड करावं, म्हणजे एअर काढावी लागते. त्यामुळे जुन्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक 'भरा, चालू करा, वर भरा, झालं' म्हणत असेल तर त्याच्या काळातल्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. गाडी बदलली, सवय बदलली नाही, एवढंच.

एवढ्याशा हवेने काय होतं असं बरेच लोक म्हणतात. एक लिटर पाणी एका डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते आणि एक लिटर साध्या हवेला जेमतेम १.२ ज्यूल. म्हणजे जिथे पाणी असायला पाहिजे तिथे हवा असेल तर त्या जागची उष्णता उचलून न्यायला जवळपास कोणीच नाही. आणि हवा बसते कुठे तर वर, म्हणजे हेडमधे, म्हणजे पेटणाऱ्या गॅसच्या अगदी डोक्यावर, जिथे कूलिंग सगळ्यात जास्त पाहिजे. तिथलं ॲल्युमिनियम बाकीच्या हेडपेक्षा जास्त तापतं, जास्त फुगतं, आणि हेड वाकतं. किती वाकलेलं चालतं याचे आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे, पण बऱ्याच मॅन्युअलमधे मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याच्या वर गेलं की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) धरत नाही, मग हेड उतरवा, फेसिंगला म्हणजे सपाट करून घ्यायला पाठवा, आणि पुढचं बिल काय येतं ते ज्याने भरलंय त्यालाच विचारा.

वॉटर पंपाचंही तसंच. विहिरीवरच्या मोटारीने एअर पकडली की मोटार नुसती घूं घूं फिरते पण पाणी उचलत नाही, हे ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको, गाडीतला वॉटर पंपही त्याच जातीचा आहे, पंख्याने पाणी बाहेर फेकणारा. त्याच्या पोटात हवेचा मोठा गोळा आला की पंप फिरतोय, बेल्ट ठीक आहे, गळती नाही, आणि कूलंट मात्र जागेवरच.

पण माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट तापमानाच्या सेन्सरची आहे आणि तीच लोकांना माहिती नसते. सेन्सर कूलंटमधे बुडालेला आहे असं धरून कूलंटचं तापमान सांगतो. त्याच्या टोकाभोवती हवा असली तर तो हवेचं तापमान सांगणार, आणि ते बऱ्याचदा खरं असतं त्यापेक्षा कमी निघतं. मग समोरचा काटा मधेच छान बसलेला, ड्रायव्हर निवांत. बरं, काट्याचं सोडा, इंजिनाचा कंप्युटर पण त्याच सेन्सरवर बघून रेडिएटरचा फॅन चालू करतो, त्यामुळे फॅनही लागत नाही. म्हणजे आत हेड भाजतंय, बाहेर फॅन बंद आणि काटा नॉर्मल. त्यात बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम असा केलाय की ठराविक तापमानांच्या मधे तो हलतच नाही, मधोमध बसून राहतो, म्हणजे ड्रायव्हरने उगाच घाबरू नये. त्यामुळे काटा हलेपर्यंत वाट बघणं हे या बाबतीत उपयोगाचं नाही.

मग ओळखायचं कसं? हीटरवरून, कारण त्यात इंजिनाचंच कूलंट फिरतं. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. काम करून गाडी घरी आणली की इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, मग हीटर फुल गरमवर टाका, गाडी उभी ठेवून आयडलला (रेस न देता नुसती चालू) बघा आणि मग थोडी रेस देऊन बघा. आयडलला गार हवा आणि रेस दिली की गरम, परत रेस सोडली की गार, असं होत असेल तर जवळजवळ नक्की एअर आहे. आयडलला पंपाचा जोर कमी असतो, हवेचा गोळा हीटरच्या रेडिएटरमधे बसून राहतो, रेस दिली की पाणी त्याला ढकलून थोडंफार वाहतं. दुसरी खूण आवाजाची, गाडी चालू केल्या केल्या किंवा रेस दिली की डॅशबोर्डच्या आत गुळगुळ असा पाणी वाहिल्याचा आवाज येतो, म्युझिक बंद केलं तर स्पष्ट ऐकू येतो. काटा उगाच वरखाली होणं ही तिसरी. आणि पहिल्याच चकरेनंतर दुसऱ्या दिवशी टाकीतली लेव्हल खाली गेलेली दिसते, तेव्हा हवा निघून तिथे कूलंट गेलेलं असतं, ते एकदा झालं तर घाबरायचं कारण नाही, भरून ठेवायचं. रोज होत असेल तर मात्र भानगड वेगळी आहे, त्यावर पुढे लिहितो.

एअर काढायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, आणि मॅन्युअलमधे जी दिलीय तीच करायची, पण साधारण चाल सांगतो म्हणजे गाडीवाल्याला निदान कळेल की काम होतंय का नाही. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. कूलंट भरायचं तोंड गाडीत सगळ्यात उंच यावं म्हणून पुढची बाजू चढावर किंवा रॅम्पवर घेतात, मागच्या चाकांना ठोकळे लावून. हीटर फुल गरमवर, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरचा वॉल्व्ह असतो तो उघडा राहील. मग ब्लीड स्क्रू शोधायचा, असेल तर, तो थर्मोस्टॅटच्या घरावर असतो, नाहीतर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या होजवर असतो, बऱ्याच गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो आणि जुना झाला की कसताना तुटतो म्हणून हात हलका ठेवायचा. स्क्रू सैल करून कूलंट हळूहळू ओतायचं, घाई केली की ओतलेल्या कूलंटबरोबरच नवे बुडबुडे आत जातात. आधी स्क्रूतून नुसती फुस्स हवा येते, मग थुंकल्यासारखं थोडं कूलंट थोडी हवा, मग फेस, मग परत एखादा मोठा बुडबुडा फटकन फुटतो आणि वाटतं झालं, पण झालेलं नसतं, अजून थांबायचं, आणि मग अचानक फेस संपून अखंड बारीक धार सुरू होते, तिच्यात एकही बुडबुडा नाही. त्या धारेशिवाय स्क्रू बंद करायचा नाही. नवीन पोरांना मी तिथेच उभं करतो आणि धार दाखवतो, तोंडाने कितीही सांगितलं तरी ती धार एकदा बघितल्याशिवाय कळत नाही.

मग इंजिन चालू करायचं. काही गाड्यांत झाकण उघडं ठेवून, तोंडावर उंच फनेल लावून, काहींत टाकीचं झाकण लावूनच, हे मॅन्युअल सांगेल. आयडलला ठेवायची, मधे मधे दोन ते अडीच हजारावर रेस धरायची. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो, काहींत अजून वर, आणि उघडल्याचा क्षण फनेलमधे दिसतो, लेव्हल एकदम खाली जाते आणि मागोमाग मोठे मोठे बुडबुडे वर येतात. तिथून पुढे खरी एअर निघते. ज्यांनी थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच झाकण लावून गाडी दिली त्यांनी अर्धंच काम केलं असं समजा. फॅन लागून बंद झाला, परत लागून बंद झाला, रेडिएटरचा वरचा आणि खालचा दोन्ही होज गरम झाले, हीटरमधून आयडलला सुद्धा सारखी गरम हवा येतेय, तेव्हा इंजिन बंद. मग पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि परत लेव्हल बघायची. हे शेवटचं बघणं सगळ्यात जास्त गाळलं जातं कारण त्यासाठी गाडी थांबवून ठेवावी लागते.

आता व्हॅक्यूमने भरायचं टूल पण मिळतं, आधी सिस्टिममधली हवा ओढून घ्यायची, टूलवरचा काटा तसाच टिकतो का बघायचं म्हणजे गळतीही कळते, आणि मग त्याच ओढीने कूलंट आत जातं. ज्या गॅरेजमधे हे आहे तिथे काम लवकर आणि चांगलं होतं, माझं मत असं की ज्याचा धंदा मोठा आहे त्याने हे घ्यायलाच पाहिजे. बीएमडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक वॉटर पंपवाल्या बऱ्याच इंजिनांत तर गाडीतच सोय आहे, इग्निशन ऑन, हीटर फुल गरम, ब्लोअर एकदम कमी, ॲक्सिलरेटर १० सेकंद पूर्ण दाबून धरायचा, मग इंजिन बंद असतानाच पंप सुमारे १२ मिनिटं आपला आपण फिरून एअर काढतो, फक्त बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत इन्व्हर्टरचं, बॅटरीचं कूलिंग बऱ्याचदा वेगळं असतं, तिथे पंप स्कॅनरने चालवून एअर काढतात, त्यात घरच्या घरी हात घालू नका.

घरच्या घरी वरून आठवलं, गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं तरी दरवेळी कोणीतरी हात भाजून घेतोच. निम्मं कूलंट निम्मं पाणी असलं तर ते उघड्यावर १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं, पण झाकण साधारण १ बार प्रेशर धरून ठेवतं म्हणून आत १२५ च्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की प्रेशर गेलं, आणि तेच कूलंट त्याच क्षणी उकळून वाफेसकट तोंडावर येतं. फडकं गुंडाळून हळूच उघडतो म्हणणारे पण भाजलेत. तसंच तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. आणि नळाचं पाणी घालत राहणं, क्षार साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद होतात, डिमिनरलाइज्ड पाणी मिळतं ते वापरा. कूलंटचा रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं असंही नाही, रंगाचा काही ठरलेला नियम नाही, डब्यावर मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन आहे का ते बघायचं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात, लहान मुलांच्या हाताला लागेल असं तर ठेवूच नका. एअर काढताना थोडं सांडतंच, खाली ट्रे पाहिजे आणि गोळा झालेलं गटारात ओतायचं नाही.

अजून एका उपायाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी हीट होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात, 'आता गाडी कधीच तापणार नाही' असं वर सांगतात. एअर काढायचा कंटाळा म्हणून केलेलं हे काम आहे, दुसरं काही नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पूर्ण गरम व्हायला फार वेळ लागतो, कंप्युटरला वाटतं इंजिन थंडच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त टाकतो, ॲव्हरेज पडतं, आतले भाग लवकर झिजतात. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो, तो काढला की गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनात फिरतो, म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्याच्यामुळेच गाडी तापली. तुमच्या गाडीचा काढलेला असेल तर परत बसवून घ्या.

आता रोज एअर होत असेल त्याबद्दल. नीट काढलेली एअर परत परत होत असेल तर ती कुठून तरी येतेय. कधी साधं असतं, होजची क्लिप सैल, गरम असताना गळती दिसत नाही पण इंजिन थंड होताना आत ओढ बसते आणि तिथून हवा शोषली जाते. कधी झाकणाचा वॉल्व्ह गेलेला असतो, झाकण ही स्वस्तातली वस्तू आहे आणि संशय आला तर आधी तेच बदलावं. कधी पंपाचा सील. आणि कधी हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरमधला गॅसच कूलंटमधे घुसतोय, तेव्हा तुम्ही दिवसभर ब्लीड करत बसा, बुडबुडे थांबणार नाहीत. थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज दगडासारखा टणक होत असेल तर शंका घ्या. यासाठी टेस्ट आहे, टाकीच्या तोंडावर एक नळी लावतात, तिच्यात निळं लिक्विड असतं, आतून येणारी हवा त्यातून जाते आणि जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. थोड्या वेळाची टेस्ट आहे, हेड उतरवायच्या आधी ती करून मागा आणि रंग स्वतः उभं राहून बघा.

मागे आमच्याकडे एक गाडी आली, दुसरीकडे रेडिएटर बदललेला. गाडीवाल्याने तिथे सांगितलं होतं की हीटर गार येतोय, त्याला सांगितलं हीटर वेगळं काम आहे, नंतर करू. तो म्हणाला हीटर मला लागतच नाही आणि गेला. पुढे घाट चढताना काटा मधेच होता आणि एकदम वर गेला, त्याने थांबेपर्यंत हेड वाकलेलं होतं. रेडिएटर आम्ही तपासला, काही दोष नाही. त्या माणसाने तक्रार केली होती, बरोबर तक्रार केली होती, फक्त ती ऐकणाऱ्याने हीटर आणि इंजिन एकाच पाण्यावर चालतात हे लक्षात घेतलं नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण तिथे फक्त गाडी थोडा वेळ थांबवायची होती.

आणि थांबवणं हेच कोणाला नको असतं. गाडीवाला डोक्यावर उभा, संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणतो, गॅरेजमधे पुढची गाडी लाइनला, आणि एअर काढणं हे असं काम आहे की त्यात बराच वेळ माणूस नुसता उभा दिसतो, बिलात त्याचा पार्ट नंबर नाही, जुना पार्ट काढून दाखवता येत नाही. म्हणून माझं गाडीवाल्यांना सांगणं आहे की कूलिंगचं कुठलंही काम असेल तर शक्यतो गाडी रात्रभर ठेवा, सकाळी थंड इंजिनावर लेव्हल बघूनच ताब्यात घ्या, आणि गाडी देताना मेकॅनिकला सरळ विचारा की एअर कुठून काढली आणि फॅन लागेपर्यंत चालवली का. ज्याने काम केलंय तो लगेच सांगेल, राग मानणार नाही. गॅरेजवाल्यांना सांगणं आहे की जॉब कार्डवर याची वेगळी ओळ टाका आणि वेळेचे पैसे पण लावा, फुकटात करायचं म्हणून ते गाळलं जातं, पैसे लावले तर कोणी नाही म्हणणार नाही, निदान समजावून सांगितल्यावर तरी. आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती आहे की त्या लेखाला जोडून वाहनांच्या पानावर हीटरची ही चाचणी एका छोट्या चौकटीत छापा.

काम करून आणलेल्या गाडीत रस्त्यात काटा चढायला लागला तर त्या चौकटीत हे पण टाका. एसी बंद करा, हीटर फुल गरमवर टाका आणि हाताला हवा कशी लागते बघा. गरम हवा येत असेल तर पाणी फिरतंय, हीटर चालू ठेवून सावकाश बाजूला घ्या. काटा वर आणि हीटरची हवा गार असेल तर हेडमधे पाणी पोचत नाहीये, पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गॅरेज, पुढचं वळण काही बघू नका, सुरक्षित जागा बघून तिथेच इंजिन बंद करा, झाकणाला हात न लावता थंड होऊ द्या आणि टोइंगला फोन करा.

आपला,
गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामातला एक नियमित वाचक